ताणावरची बाग

"एवढ्यासाठी सहाशे किलोमीटर आणलं का मले?"

बाबांच्या तळहातावर शिराझ द्राक्षाचा एक घड होता. मणी फुटाण्याहून जरा मोठे, काळेनिळे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. सगळा घड मिळून मूठभर. समोर दिंडोरीकडची मुरमाड, उताराची जमीन, तारांवर ताठ उभ्या बांधलेल्या वेलींच्या ओळी, आणि त्या ओळींचे मालक, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान, हसू दाबत उभे. आमच्याकडची बोली जिजाजींना इतक्या वर्षांत नीट कळायला लागली आहे. बाबांना काय खुपलंय, तेही कळलं होतं.

बाबांचं दुःख समजायला काटोल माहीत असावं लागतं. नागपूरहून 60 किलोमीटरवर आमची संत्र्याची बाग आहे. वीस बाय वीस फुटांवर झाडं, एकरी शंभरेक. मी नागपुरात राहते, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, आणि शनिवार-रविवारी बागेत गेले तर गेले. पण लहानपण तिथलंच. आमच्या घरात फळाला एकच माप होतं, आकार. कळमन्याच्या बाजारात ढीग लागायचा तेव्हा मोठं फळ वर दिसलं पाहिजे. लहान फळाला म्हणायचं चुरी. हा शब्द घरात दहावीत नापास झालेल्या भाच्याबद्दल बोलतात त्या आवाजात उच्चारला जायचा. चुरी निघाली म्हणजे वर्ष गेलं. आणि हा माणूस वीस वर्षं मुद्दाम चुरी पिकवतोय, वर त्याची वाईन करून विकतोय.

"जावईबापू, याले जीए मारलं नाही का?"

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. खायच्या द्राक्षाचे घड त्याच्या द्रावणात बुडवतात, त्यानं मणी फुगतो, लांबतो. बाबा संत्र्याचे शेतकरी खरे, पण शेतीची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही नावं त्यांना तोंडपाठ. तास-ए-गणेश ही जात तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या वेलीवरून काढली, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी. शेतकऱ्यानं शास्त्रज्ञाच्या नाकावर टिच्चून केलेल्या गोष्टींची बाबांकडे एक यादीच आहे आणि ही दोन नावं त्यात बरीच वर आहेत.

"नाही काका," जिजाजी म्हणाले. "आम्हाला मणी मोठा नकोच असतो."

वाईनचा रंग, तुरटपणा, निम्मी चव सालीत असते. मणी लहान तर रसाच्या मानानं साल जास्त. व्यास दुप्पट झाला की साल चौपट होते, रस मात्र आठपट. म्हणजे फुगलेला मणी हा वाईनवाल्याच्या दृष्टीनं पाणी घातलेलं दूध. शेजारच्या खायच्या द्राक्षाच्या बागा एकरी दहा-बारा टन काढतात आणि हे काळ्या द्राक्षाचं चार-साडेचार टनांवर थांबतात. जास्त घड धरले की ते काढून जमिनीवर टाकून देतात. बाबांनी वेलीखाली वाळलेले ते घड बघितले आणि मान फिरवली. अन्न पडलेलं त्यांना बघवत नाही.

"म्हणजे उपाशी ठेवता वेलाले."

"उपाशी नाही. ताणावर."

यावर बाबा गप्प झाले. बराच वेळ. कारण तो शब्द आमचा होता.

संत्र्याच्या पट्ट्यात 'ताण' हा शब्द माणसांपेक्षा झाडांच्या बाबतीत जास्त वापरतात. थंड देशांतल्या फळझाडांना हिवाळा झोपवतो, जागी झाली की ती फुलतात. आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही. म्हणून झाडाला पाणी तोडून झोपवायचं. डिसेंबरात पाणी बंद केलं की महिना-दीड महिन्यानं पानं निस्तेज होतात, पिवळी पडून थोडी गळायला लागतात. मग पाणी द्यायचं. त्याला म्हणतात ताण तोडणं. पंधरा-वीस दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं, तो आंबिया बहार. मे महिन्यात ताण देऊन पावसावर फुलवला की मृग. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. जास्त झाला तर झाडाचा जीवच धोक्यात. किती द्यायचा हे पुस्तकात आठवड्यांत लिहिलेलं असतं, पण जमीन भारी की हलकी, झाड म्हातारं की तरणं, गेल्या साली किती फळ घेतलं, हे पुस्तकाला कुठं माहीत असतं?

आम्ही नाशिकला निघालो ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि काटोलची बाग तेव्हा ताणावर होती. बाबांनी यायला नकार दिला होता तो याच कारणानं. मग सालदाराला सगळं समजावून, रोज सकाळी फोन करायच्या अटीवर ते गाडीत बसले. तेव्हा ह्या पूर्ण सफरीत, वाईनच्या टाक्या बघताना, मावसबहिणीच्या हातची पुरणपोळी खाताना, काळारामाच्या देवळात, त्यांचा अर्धा जीव पिवळ्या पडणाऱ्या पानांत होता. रोज सकाळी साडेसातला ठरलेला प्रश्न: "पानं कशी आहेत? गळून राहिली का?"

प्रवासाचं थोडं सांगते, कारण गाडीतही एक वाद झाला. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा बाबा म्हणाले, नाशिकला जातोच आहे तर येताना तुझ्या नवऱ्यानं बाटल्या घ्यायच्या नाहीत. घरात माळकरी आजीचा फोटो आहे. नवरा म्हणाला, बाबा, आजीचं सोडा, वाटेत वर्धा जिल्हा लागतो, गांधींचा, दारूबंदीचा. बाबांना हे इतकं आवडलं की पुढे वाशिम येईपर्यंत ते हसत होते. 2022 च्या जानेवारीत सरकारनं सुपर मार्केटमध्ये वाईन ठेवायची परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या दिवाणखान्यात जे महाभारत झालं होतं, त्याची आठवण निघाली. 'वाईन म्हणजे दारू का' हा प्रश्न मराठी घरात कधीच सुटणार नाही, आणि मला तो सोडवायचाही नाही. मी स्वतः दोन घोट घेते आणि मला झोप येते, एवढंच त्यातलं माझं ज्ञान.

मला कुतूहल होतं ते वेगळ्या गोष्टीचं. जिजाजींच्या चव-दालनात, म्हणजे पर्यटक येऊन वाईन चाखतात त्या खोलीत, भिंतीवर एक फळा आहे. त्यावर लिहिलंय 'सस्टेनेबल'. शेजारी पानाचं चित्र. बाबांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, शाश्वत. ते म्हणाले, हे तर शिबिरातलं झालं, साध्या भाषेत सांग. मी म्हटलं, टिकाऊ. तर म्हणे, टिकाऊ तर प्लास्टिकची बादली असते.

मग दुसऱ्या दिवशी त्या बादलीवरूनच गोष्ट पुढे गेली.

सकाळी शेडमध्ये एक गडी बुरशीवरचं निळं औषध कालवत होता. बाबा लांबूनच थबकले. "बोर्डो?" जिजाजी हो म्हणाले. आणि मग माझ्या वडिलांनी, ज्यांना आदल्या दिवशीपर्यंत तिथलं काहीही पटलेलं नव्हतं, बाह्या सारल्या. मोरचूद वेगळ्या बादलीत, चुना वेगळ्या बादलीत, दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायची, ढवळत राहायचं. बादली प्लास्टिकचीच हवी, लोखंडाची नको. शेवटी विळा मागितला. विळ्याचं पातं द्रावणात बुडवून वर काढलं, उन्हात धरलं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पातं स्वच्छ होतं. "जमलं," बाबा म्हणाले, आणि गड्याच्या पाठीवर थाप मारली.

आमच्या बागेत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बोर्डोचं मलम खोडांना लागतं, हातभर वर, ब्रशनं. लहानपणी ते काम आम्हा पोरांचं होतं. निळसर पांढऱ्या मोज्यांत उभी असलेली झाडं, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. 'बोर्डो' हा शब्द मला इतका काटोलचा वाटायचा की तो नरखेड किंवा सावरगावसारखा जवळपासच्या कुठल्या तरी गावाचा असणार अशी माझी समजूत होती. गाव तर निघालंच, पण फ्रान्समधलं, वाईनचं. हे मला भूगोलाची पदवी घेतानाही कळलं नव्हतं. तिथे त्या शेडमध्ये जिजाजींनी गोष्ट सांगितली आणि बाबा दगडावर बसून ऐकत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या द्राक्षबागा अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीनं मुळापासून खाल्ल्या. फिलॉक्सेरा. औषध चाललं नाही. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकेतच: तिकडच्या रानवेलींच्या मुळांना ही कीड पचते, म्हणून कलम बांधायचं, खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच डोळा. बाबा लगेच म्हणाले, म्हणजे आपली जंबेरी. अगदी तेच. आमच्या पट्ट्यातलं संत्रं बहुतेक जंबेरीच्या खुंटावर बांधलेलं असतं, शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून कलमा येतात. नाशिककडेही आता वेली डॉगरिजसारख्या खुंटांवर उभ्या असतात, फक्त इथे कारण कीड नाही, खारट जमीन आणि कमी पाणी हे आहे. पण फ्रान्सला त्या अमेरिकन वेलींबरोबर दुसरं संकट फुकट मिळालं, केवडा. आपले बागायतदार त्याला सरळ डाऊनी म्हणतात. पानाखाली पांढरी बुरशी, दोन दिवसांत बाग जळाल्यासारखी. 1878 च्या सुमारास तो तिकडे पोचला. आणि 1882 मध्ये मिलार्दे नावाचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक बोर्डोजवळच्या मेडॉकमधून चालला असताना त्याला दिसलं की सगळ्या बागा झडल्यात, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. चौकशी केली. तर शेतकऱ्यांनी येणारे-जाणारे द्राक्षं तोडून नेतात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळं, विषारी दिसावं, कोणी हात लावू नये एवढ्यासाठी. प्रयोग करून त्यानं 1885 मध्ये ते मिश्रण जाहीर केलं.

"चोरासाठी!" बाबांनी मांडीवर हात मारला. रस्त्याकडेच्या संत्र्यांचं काय होतं हे त्यांना चांगलं माहीत आहे. काटोल रोडवर गाड्या थांबवून 'एक-दोनच घेतो काका' म्हणणारे पिशवी भरून नेतात. पुढे दिवसभर ज्याला-त्याला ही गोष्ट ते सांगत सुटले, तीही अशी की जणू तो मेडॉकचा शेतकरी आमच्या धुऱ्याला लागूनच राहतो.

पण जिजाजींची गोष्ट तिथे संपली नव्हती. त्यांनी एक कागद आणला, माती तपासणीचा. बागेच्या जुन्या भागात तांब्याचं प्रमाण वाढत चाललंय. मोरचुदाचा चौथा हिस्सा तांबं असतं. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद म्हणजे दर टाकीमागे पाव किलो तांबं, आणि ते कुठेही जात नाही. कुजत नाही, उडत नाही, वरच्या वीतभर मातीत बसून राहतं. गांडुळांना, मुळांभोवतीच्या बुरश्यांना ते सोसत नाही. गंमत अशी की सेंद्रिय शेतीच्या नियमांत बोर्डो चालतं. युरोपातही चालतं, फक्त 2019 पासून तिथे मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांबं, त्याच्या वर नाही. दीडशे वर्षं ज्यानं वेली जगवल्या त्याचाच हिशेब आता मातीत मांडावा लागतोय.

बाबांना हे लागलं. रासायनिक औषधांवर त्यांचा राग जुना आहे. बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर अमरावतीकडे शिबिरं घ्यायचे तेव्हापासून आमच्याकडे जीवामृताचा ड्रम आहे, दोनशे लिटरचा, शेण-गोमूत्र-गूळ-बेसन. बोर्डो त्यांच्या लेखी घरचं औषध होतं. हळद-चुन्यासारखं. "मग काय मारावं माणसानं?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात नेहमीची कुरकुर नव्हती, खरंच विचारत होते.

जिजाजी म्हणाले, मारण्याची वेळ कमी यावी एवढंच आपल्या हातात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, ते परतीचा पाऊस जाऊ देऊन करतात. नवी फूट ओली सापडली नाही की डाऊनी निम्मी हटते. घडांजवळची पानं काढून वारा खेळता ठेवतात. हवामान केंद्राचं छोटं यंत्र बसवलंय, पान किती तास ओलं राहिलं ते मोजून मग फवारणी ठरवतात, तारीख बघून नाही. पावसाळ्यात ओळींमध्ये ताग पेरून गाडतात. वाईन पिळून उरलेला चोथा, सालं आणि बिया, कुजवून परत वेलीखाली. पण छाटणी उशिरा केली की तोडणी मार्चकडे सरकते, ऊन चढतं, द्राक्षातली आंबटाई पळते आणि वाईन बेचव होते. म्हणजे पावसापासून वाचवलं की उन्हात सापडतं. हे ऐकताना मला बरं वाटलं, खरं सांगते. ज्या शेतकऱ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात त्याच्या बागेत मला फार वेळ थांबवत नाही.

नागपुरात हे पीक का नाही, असं मला नेहमी विचारतात. विचारणारा सहसा दुसऱ्या ग्लासावर असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, आपण 310 वर. फेब्रुवारी अर्धा सरला की नागपूरचं ऊन डोळे वटारायला लागतं, नेमकी द्राक्षात साखर भरायची वेळ. मे महिन्याचं तर बोलायलाच नको, तेव्हा नागपूरकर स्वतः मनुका होतो. आणि आमची काळी कन्हार जमीन पाणी धरून बसते. द्राक्षाला पाय कोरडे लागतात. संत्र्यालाही लागतात खरं तर. तिथेच आमच्या घरची चूक झाली.

ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

ऐंशीच्या दशकात कोळशी रोगानं पट्ट्यातल्या बागा काळ्या पडल्या, त्यातून आमची वाचली. पुढे विहिरीला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा बाबांनी बोअर घेतला. मग दुसरा. तिकडे वरुड-मोर्शीत बोअर आठशे-हजार फुटांवर गेले, भूजलाचा उपसा इतका झाला की वरुड तालुक्याचं नाव सरकारी कागदांत अतिउपशाच्या यादीत लागलं. आमचे तीनशे-साडेतीनशेला लागत होते म्हणून आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो. बोअरला पाणी आलं तेव्हा घरात पेढे वाटले होते, मला त्या पेढ्यांचा वास आठवतो. आणि पाणी आलं म्हणून ते दिलं. आळ्यात खोडापर्यंत, तुडुंब, दर आठवड्याला. फळ मोठं झालं, कळमन्यात नाव झालं, व्यापारी बगीचा उक्ता मागायला घरी यायला लागले. पाच-सहा वर्षं. मग एका पावसाळ्यानंतर खोडांतून डिंक वाहायला लागला. डिंक्या. फायटोफ्थोरा नावाची बुरशी, जिला साचलेलं पाणी आणि ओलं खोड याहून जास्त काही लागत नाही. जंबेरीचा खुंट तिला लगेच बळी पडतो. आम्ही बोर्डो लावत राहिलो आणि वरून पाणीही देत राहिलो. तीन वर्षांत दोनशेवर झाडं गेली. बाबांनी ती तोडताना आम्हाला बागेत येऊ दिलं नाही. लाकूड मात्र घरीच आलं, दोन हिवाळे आंघोळीचं पाणी त्यावर तापलं. संत्र्याचं लाकूड जळताना एक मंद गोडसर वास येतो. आई त्या बंबाजवळ उभी राहायची नाही.

आज जी बाग आहे ती त्यानंतरची. रंगपूर लिंबाच्या खुंटावर, कलमाची जोड जमिनीपासून वीतभर वर, दुहेरी आळं, म्हणजे खोडाभोवती कोरडं कडं आणि पाणी त्याच्या बाहेर. पुढे ठिबक. फळ पूर्वीएवढं मोठं येत नाही. बाबांना ते अजून डाचतं. कमी पाणी देण्यात शहाणपण आहे हे त्यांना कळतं, पण बागेत उभं राहून नळी बंद करणं त्यांना अपमानासारखं वाटतं, घरी आलेल्याला अर्ध्या जेवणावरून उठवल्यासारखं.

म्हणून त्या दिवशी 'ताणावर' हा शब्द ऐकून ते गप्प झाले, असा माझा अंदाज. संत्र्याचा ताण दीड महिन्याचा आणि मग सुटका. ह्या वेलींना मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे रंग चढायला लागल्यावर, पार तोडणीपर्यंत हात आखडूनच पाणी. आयुष्यभर. आणि मागच्या भागातल्या वेली वीस वर्षं ओलांडून गेल्यात. युरोपात द्राक्षवेल पन्नास-शंभर वर्षं सहज जगते, तिला बर्फात झोपायला मिळतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट. दोनदा छाटून एकदा पीक. जास्त ओढली की पंधरा वर्षांत वेल दमते, मालक उपटून नवी लावतो. जिजाजींना ती उपटायची नाहीये. त्यांच्यापुरता त्या फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे: वडिलांनी लावलेली वेल आपल्या हातून मरू नये.

वडिलांनी लावली 2003 मध्ये. 2001 ला राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क आलं, गावोगावी माणसं शिराझ आणि कॅबरने लावत सुटली. मग 2008 ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस. टाक्यांत जुनी वाईन पडून, नवी द्राक्षं उचलायला कोणी नाही. आणि वाईनचं द्राक्ष बाजारात कोण खाणार? बिया, जाड साल. कितीतरी लोकांनी कुऱ्हाड चालवली. ह्यांच्याकडेही अर्धी बाग गेली, उरलेली अर्धी ताईच्या सासऱ्यांनी का ठेवली हे कोणालाच ठाऊक नाही. ताई म्हणते, हट्ट. पुढे त्याच द्राक्षांची वाईन घरीच करायचं ठरलं, कर्ज काढून. त्यातलं काही अजून फिटायचं आहे. 2014 च्या गारपिटीनं त्यात भर घातली, त्या वर्षी इकडे आमचीही बाग झोडपली होती. फोनवर दोघी बहिणी रडल्या होत्या, एवढं मला आठवतं.

निघायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशी पांढऱ्या द्राक्षाची, शेनिन ब्लांकची तोडणी होती. पहाटे साडेचारला, कारण ऊन चढायच्या आत क्रेट थंडाव्यात गेले पाहिजेत. थंडी कडाक्याची. पेठ आणि सुरगाण्याकडून आलेल्या बाया डोक्याला स्कार्फ, हातात कात्री, कपाळावर दिवे. त्यांच्यातल्या एकीशी बोलले. सासू, सून आणि सुनेची बहीण अशा तिघी आल्या होत्या, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बागा करतात, मग गावी. ह्याचं काय होतं माहीत आहे का, विचारलं. "दारू," तिनं सरळ सांगितलं. कधी चाखली? ती इतकी हसली की शेजारच्या ओळीतल्याही हसल्या. जिजाजींनी त्यांना राहायला पक्क्या खोल्या बांधल्यात, नळ आहे, संडास आहे, त्या भागात हे कमी नाही. तरी मी त्या फळ्यावर परत जाऊन बघितलं. पान होतं, थेंब होता, सूर्य होता. कात्री नव्हती. हे मी जिजाजींना म्हटलं तेव्हा ते म्हणाले, फळा मुंबईच्या पोरानं करून दिलाय. उत्तर म्हणून ते पुरेसं नाही हे त्यांनाही माहीत होतं.

बाबा तोवर एका ओळीच्या टोकाला उभे राहून घड तोडत होते. कात्री कोणी दिली माहीत नाही. मफलर, स्वेटर, कानटोपी, आणि नागपूरच्या थंडीशी ह्या थंडीची तुलना सुरू. एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. "गोड आहे," ते म्हणाले, जरा नाराजीनंच. "आपल्या चुरीसारखं." आणि मला तेव्हा आठवलं की घरी आमच्यासाठी कधी मोठं संत्रं यायचं नाही. मोठी बाजारात जायची. आम्ही पोरं चुरीच खात मोठी झालो, आणि ती जास्त गोड असायची हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते बोलायची पद्धत नव्हती.

साडेसातला सालदाराचा फोन आला. पानं गळायला लागली होती.

मग एक तासही थांबले नाहीत. ताईनं बांधून दिलेला डबा, मनुकांची पिशवी, बाटल्या नाहीत. सिन्नरजवळ समृद्धीला लागलो आणि रात्री काटोल. बॅटरी घेऊन ते तसेच बागेत गेले, एक फांदी वाकवली, पान चिमटीत धरून बघितलं. मला वाटलं लगेच मोटार लावतील. नाही लावली. "अजून दोन दिवस," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंबवणीचं पाणी दिलं, हलकं, ठिबकवर. मी कॉलेजला दांडी मारून गेले होते. नळ्यांतून आधी हवा सुसकारली, मग थेंब पडायला लागले, आणि खालची तडकलेली काळी माती ते अक्षरशः आवाज करत प्यायली. बाबा घड्याळ बघत होते. दीड तासानं त्यांनी स्वतः उठून कॉक बंद केला, एक मिनिट त्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि खिशातून फोन काढला.

"जावईबापू, ताण तोडला आज. पाणी सोडलं."

स्पीकरवर होतं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आम्ही बंद केलं काका, शिराझचं. पंधरा दिवसांत तोडणी."